मराठा–कुणबी नोंदी आणि महाराष्ट्रातील उच्च शिक्षण प्रवेश

उच्च शिक्षणाच्या प्रवेशात उमेदवाराचा सामाजिक समूह विचारात घ्यावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात अलीकडे मुख्यतः मराठा आरक्षणाच्या संदर्भात चर्चिला जातो. अमेरिकेत हाच वाद वंशाच्या आधारे झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये वंशानुसार राखीव जागा अवैध ठरविल्या, परंतु वंश हा अनेक निकषांपैकी एक मानण्याची मुभा दिली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात तीही काढून घेतली. भारतातील पद्धत याच्या उलट आहे. येथे प्रवर्गनिहाय जागा आधी निश्चित होतात आणि त्या त्या प्रवर्गात गुणवत्ता यादी लागते.

पार्श्वभूमी

मद्रास प्रांताच्या जातनिहाय प्रवेश आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अवैध ठरविले. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) समाविष्ट झाला व मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग मोकळा झाला. म्हैसूर राज्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. १९६२ च्या बालाजी खटल्यात ते प्रमाण अमान्य झाले. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ५० टक्क्यांची मर्यादा दृढ केली, मात्र असाधारण परिस्थितीचा अपवाद ठेवला.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये गायकवाड आयोगाच्या अहवालावरून मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण दिले. आधीच्या ५२ टक्क्यांसह बेरीज ६८ झाली, म्हणजे म्हैसूरचाच जुना आकडा. मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी कायदा वैध ठरविताना शिक्षणातील प्रमाण १२ टक्क्यांवर आणले. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी ही तरतूद रद्द केली, परंतु पूर्वी झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांना संरक्षण दिले. शुक्रे आयोगाच्या अहवालानंतर २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने १० टक्क्यांचा नवा कायदा संमत केला. त्यालाही आव्हान देण्यात आले, आणि त्याखालील प्रवेश न्यायालयाच्या आदेशांच्या अधीन ठेवण्यात आले.

वऱ्हाड आणि मराठवाडा

या वादाची दुसरी बाजू कायद्यापेक्षा दप्तरात अधिक दिसते. लोणार तालुक्यातील बीबी हे गाव बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात येते. शेजारचा जालना जिल्हा मराठवाड्यात आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला, तर जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. दोन्हीकडील महसुली दप्तरे त्यामुळे वेगळी घडली. विदर्भात अनेक मराठा कुटुंबांची नोंद ‘कुणबी’ अशी आहे. या नोंदींचे श्रेय बहुधा पंजाबराव देशमुख यांच्या प्रयत्नांना दिले जाते. कुणबी इतर मागासवर्गात येतात, व त्या वर्गाला राज्यात १९ टक्के आरक्षण आहे. सीमेपलीकडच्या कुटुंबाकडे तशी नोंद नसल्यास, सोयरीक असूनही, त्यांचा मुलगा किंवा मुलगी त्याच महाविद्यालयासाठी वेगळ्या प्रवर्गातून अर्ज करते.

दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला किंवा वऱ्हाडात कोतवाल बुकाची नक्कल हे नेहमीचे आधार होत. उपविभागीय अधिकारी जात प्रमाणपत्र देतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जिल्हा पडताळणी समितीची वैधता आवश्यक असते. आजोबांच्या नावापुढे कारकुनाने काय लिहिले, यावर बारावीनंतरची जागा अवलंबून राहणे हे या व्यवस्थेचे सर्वांत दुबळे अंग म्हणावे लागेल.

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील मनोज जरांगे यांच्या उपोषणानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तिने मराठवाड्यातील उर्दू व मोडी लिपीतील जुन्या नोंदी तपासल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरविली. इतर मागासवर्गीय संघटनांनी आपल्या वाट्याच्या जागा कमी होतील, या कारणास्तव तिला विरोध केला.