चैत्रातील शिंगाळा

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान आणि संत एकनाथांचे गाव. छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, गोदावरीच्या उत्तर तीरावर ते वसलेले आहे. गावाच्या वरच्या अंगास नदी अडवून जो विस्तीर्ण जलाशय निर्माण करण्यात आला, त्यास नाथांचेच नाव देऊन 'नाथसागर' असे म्हणतात. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला म्हणजे सुमारे ३५० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली जाते. सागर हे नाव काही उगीच पडलेले नाही! या सागराला भरती-ओहोटी मात्र वर्षातून एकदाच येते. भाद्रपद-आश्विनात भरती आणि चैत्र-वैशाखात ओहोटी.

ही ओहोटी पाहावयास चैत्रात जावे. शेतांना आणि शहरांना पाणी पुरविता पुरविता जलाशय आक्रसत जातो. काठचा चिखल उघडा पडून त्यास भेगा पडू लागतात. धरणाच्या पोटात गेलेल्या गावांच्या जुन्या भिंतींचे दगड कोठे कोठे डोके वर काढतात. हिवाळी पाहुणे पक्षी परतीच्या वाटेस लागलेले असतात. शेतकऱ्यास हा देखावा उदासवाणा वाटतो; परंतु भोई लोकांना हेच दिवस आशेचे वाटतात. पूर्वी हे लोक पालख्या वाहत, नदीवर नावा चालवीत आणि मासे धरीत. पालख्या गेल्या, पूल झाल्यामुळे नावाही गेल्या. मासेमारी मात्र उरली.

चैत्रात मासे अधिक सापडतात याचे कारण काय? एक कारण तर उघड आहे. ज्या माशांना आश्विनात मैलोगणती पाणी होते, त्यांनाच आता थोड्या पाण्यात दाटीने राहावे लागते. पूर्वी ज्या खोल डोहांच्या तळापर्यंत जाळे पोहोचत नसे, तेथे ते आता सहज पोहोचते. दुसरे कारण थोडे विचार केल्यावाचून ध्यानात येत नाही. तुमच्याआमच्या शरीराची उष्णता बाराही महिने सारखीच असते. माशाचे तसे नाही. पाणी थंड तर मासा थंड. पाणी उबदार तर मासाही उबदार. पौष-माघात तो सुस्त असतो, फारसा हिंडत नाही आणि खातही नाही. फाल्गुन सरता सरता पाणी तापू लागले की त्याची भूक खवळते. भुकेला मासा भटकतो आणि भटकणारा मासाच जाळ्यात सापडतो. तिसरेही एक कारण आहे. त्याकडे आपण पुढे येऊच.

माशांच्या सवयींचा असा अभ्यास आपल्याकडे फार जुना आहे. मराठवाड्याच्या सीमेलगतचे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात माशांच्या शिकारीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा नदीत राहतो व कोणता समुद्रात, कोणास पिठाचे गोळे आवडतात व कोणास मांस, याची त्यात बारकाईने नोंद केलेली आहे. राजाला हा विनोद होता. भोयाला ते पोट आहे, एवढाच काय तो भेद.

काही वर्षांपूर्वी चैत्राच्या शुद्ध पक्षात एका वृद्ध भोयाबरोबर त्याच्या होडीतून जाण्याचा योग मला आला. त्याचा पुतण्या वल्ही मारीत होता. नदी जेथे जलाशयास मिळते त्या बाजूस, कायगाव टोक्याकडे, आदल्या संध्याकाळी त्यांनी जाळे लावून ठेविले होते. हे जाळे भिंतीसारखे पाण्यात उभे राहते. वरच्या दोरीस तरंगणारे तुकडे बांधलेले असतात आणि खालच्या दोरीस वजने. जाळ्यातील प्रत्येक भोकास 'आस' म्हणतात, आणि या जाळ्याची सारी करामत त्या आसातच आहे. मासा आंधळेपणाने पुढे जातो. डोके आसातून पार होते, पण धड होत नाही. मागे फिरावे तर कल्ल्यांची झाकणे धाग्यात अडकतात. आसाहून फार लहान असलेला मासा पार निघून जातो आणि फार मोठ्या माशाचे डोकेच आत शिरत नाही. म्हणजे एका मापाचे जाळे साधारण एकाच मापाचे मासे धरते. त्या दिवशीचे जाळे अर्ध्या-पाऊण किलोच्या माशांसाठी होते.

तांबडे फुटत होते. पुतण्या दोरी ओढू लागला. दहा-बारा लहान मासे आले. पुढे दोरी एकाएकी ताठ झाली.

"काका, दगडाला अडकलं जणू," तो म्हणाला.

वृद्धाने दोरी दोन बोटांत धरून पाहिली. "दगड असा हिसका देतो का रे? सैल सोड जरा. ओढशील तर जाळं फाटंल."

मग त्या दोघांनी जे केले ते पाहण्याजोगे होते. मासा ओढू लागला की ते दोरी सोडीत. तो थांबला की हळूच आवळीत. असे अर्धा घटकाभर चालले. होडी एका अंगास इतकी कलत होती की, मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसलो होतो. शेवटी पाण्यात एक रुंद, चपटे, करडे डोके दिसले, त्यावर लांब मिशा दिसल्या आणि पुतण्या ओरडला, "शिंगाळा!" काठावर आणून तोलला तेव्हा काटा नऊ किलोंच्या पुढे गेला. लांबी सव्वादोन हात भरली.

एवढा मोठा मासा त्या लहान आसाच्या जाळ्यात राहिला कसा? शिंगाळ्याच्या अंगावर खवले नसतात, पण पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन बळकट काटे असतात. बाजूच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात. शत्रू जवळ आला की मासा हे काटे ताठ करतो आणि ते सांध्यात असे खिळवून ठेवतो की दाबूनही मिटत नाहीत. गिळणाऱ्या शत्रूपासून हे शस्त्र त्याचा बचाव करते. जाळ्यात मात्र तेच त्याच्या नाशास कारण होते. दाते धाग्यात गुंततात आणि मासा जसजसा गरगर फिरतो, तसतसे जाळे त्याच्याभोवती लपेटले जाते. शिंगाळा मांसाहारी आहे. बहुधा जाळ्यात तडफडणाऱ्या लहान माशांच्या लोभानेच तो तेथे आला असावा.

या माशाच्या नावाची एक मौज सांगण्यासारखी आहे. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज सेनाधिकारी दख्खनमध्ये होता. त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील व आसपासच्या नद्यांतील मासे तपासून १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवी नावे देताना त्याने अनेक ठिकाणी मराठी लोकांच्याच तोंडचे शब्द उचलले. म्हणून आजही साऱ्या जगातील शास्त्रज्ञ या माशास 'स्पेराटा सीनघला' म्हणतात. आपला शिंगाळा तो हाच!

त्याचे वय किती असेल? खवले असलेल्या माशांचे वय खवल्यावरील वलयांवरून सांगता येते. झाडाच्या बुंध्यावरील वलये मोजावी तसेच. शिंगाळ्यास खवलेच नसल्यामुळे शास्त्रज्ञ त्याच्या काट्याची पातळ चकती कापून भिंगाखाली धरतात. मासे मनुष्याप्रमाणे ठराविक वयात वाढावयाचे थांबत नाहीत. जगतील तितकी वर्षे थोडेथोडे वाढतच राहतात. म्हणून मोठा मासा याचा अर्थ अनेक उन्हाळे, अनेक पूर आणि अनेक जाळी चुकवून जगलेला मासा.

मघाशी राहिलेले तिसरे कारण आता सांगतो. त्या माशाचे पोट फुगलेले होते. वृद्धाने त्यावर हात फिरविला आणि म्हणाला, "मादी हाय, गुरुजी. गाभोळीनं भरलीय."

उन्हाळा लागला की शिंगाळ्याची वीण जवळ येते आणि खोल पाण्यातील मासे काठाच्या उथळ पाण्याकडे सरकतात. नर तेथे तळाच्या मातीत खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते, आणि पुढे अंड्यांची व पिलांची राखण नर करतो. माशांच्या जातीत असा पालक विरळाच! कटला, रोहू व मृगळ यांची रीत निराळी. ते लाखांनी अंडी घालतात आणि ती पाण्याच्या हवाली करून निघून जातात. पण त्यासाठी त्यांना वाहते, पुराचे पाणी लागते. तळ्याच्या संथ पाण्यात त्यांची अंडी पडत नाहीत. या अडचणीवर ओडिशातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय शोधला. माशाच्या मेंदूखालील पीयूषिका नावाच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या जातींची बंदिस्त पाण्यात वीण घडवून आणली. तेव्हापासून यांचे बीज हवे तितके निर्माण करता येऊ लागले. जिऱ्याएवढी पिले म्हणजे 'मत्स्यजिरे' आणि बोटाएवढी झाली म्हणजे 'बोटुकली', अशी त्यांना मोठी गोड नावे आहेत. धरणांत दरवर्षी सोडतात ते बीज मुख्यतः याच जातींचे. शिंगाळ्याला मात्र अजून बहुतांशी स्वतःच्या खळग्यावरच विसंबावे लागते.

ही मादी परत सोडावयास हवी होती, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. मीही वृद्धास तसे विचारले. तो रागावला नाही.

"सोडली असती, गुरुजी. पण जाळं उसनवारीनं घेतलंय. ही एक मासळी म्हंजी आमची आठ दिवसांची कमाई. अन् मी सोडली तर परवा दुसऱ्याच्या जाळ्यात येणार न्हाई, असं कोण सांगतं?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मासा बर्फात घालून पैठणच्या बाजाराकडे रवाना झाला. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. पण उसनवारीच्या जाळ्याने पोट भरावे लागते त्याचा हिशेब आपल्या हिशेबाहून वेगळा असतो.

परतताना त्याने मला काठाच्या सुकत्या चिखलातील दोन-तीन वाटोळे खळगे दाखविले. परातीएवढे, आत उतरते आणि गुळगुळीत. ते शिंगाळ्याचेच, असे तो म्हणाला. धरणाचे पाणी झपाट्याने उतरले तर असा खळगा अंड्यांसकट उघडा पडतो. तेथे नराची राखणही निरुपयोगी ठरते. ज्यांत अजून मांडीभर पाणी होते असे काही खळगे थोडे आत दिसत होते. पुतण्या सवयीने त्याच बाजूस संध्याकाळचे जाळे सोडू लागला होता. वृद्धाने हाताने खूण करून होडी वळवावयास सांगितली, आणि त्यांनी ते जाळे तेथून बरेच दूर, खोल पाण्यात लाविले.