चौकशी बालपणाची
लेखमाला ‘मन आणि मेंदू’ : भाग ९

गेल्या भागात आपण दोन-तीन वर्षांच्या मुलांमधली स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, कशी ओळखतात ते पाहिले. तो वाचताना काहींना आपलेच बालपण आठवले असेल. त्यात नवल नाही. मुलाला तपासणीसाठी घेऊन आलेला बाप फॉर्म भरता भरता ‘हे तर माझेच वर्णन’ म्हणून थबकतो, हे या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या ओळखीचे आहे. आजचा भाग अशा मोठ्या माणसांसाठी.

पहिला प्रश्न साहजिक असतो: इतकी वर्षे कुणाच्या लक्षात कसे आले नाही? बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचे वर्णन केले. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे अमेरिकेत मिसिसिपीतल्या आपल्या गावी बँकेत नोकरी करत, गोल्फ खेळत ८९ वर्षे जगला. २०२३ मध्ये तो वारला. तरीही ऑटिझम म्हटले की न बोलणारे लहान मूलच डोळ्यांपुढे येत राहिले. अस्खलित बोलणाऱ्या, अभ्यासात बरे असणाऱ्यांकडे लक्ष वेधले ते ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधल्या लेखाने. अमेरिकी निदानपुस्तिकेत अशांसाठी ‘अ‍ॅस्पर्गर’ हे निदान १९९४ मध्ये आले आणि २०१३ मध्ये हे सगळे प्रकार एकाच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये घेतले गेले. १९७५ साली जन्मलेल्याची शाळा तोवर कधीच संपली होती. त्याला कुणी शिष्ट म्हटले, कुणी माणूसघाणे.

दुसरे कारण आपल्या घरांत आहे. भरल्या घरात पाहुण्यांशी आजी बोलते, बाजारहाट काका करतात, लग्नकार्यात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाला ‘तो तसाच आहे’ म्हणून सगळे सांभाळून घेतात. मुलींच्या बाबतीत गप्प बसणे हा गुणच ठरतो. मग नोकरीसाठी परगाव, लग्न, बढतीनंतर हाताखाली आलेली दहा माणसे... आधार सुटतात आणि मागण्या वाढतात. ‘या की एकदा घरी’ हे नुसते सौजन्य असते हे न कळून ‘कधी येऊ?’ असे विचारणाऱ्याला आता रोज अशा शंभर संकेतांचा अर्थ लावत बसावे लागते. हे संकेत पाठ करून, इतरांचे पाहून वागणारी माणसे वरकरणी छान निभावतात. संध्याकाळी मात्र पार गळून जातात. मागण्या वाढेपर्यंत लक्षणे झाकलेली राहू शकतात, हे निदानाच्या निकषांतही नमूद आहे.

पण त्याच निकषांची एक अट पक्की आहे: लक्षणांची सुरुवात बालपणात झालेली हवी. म्हणून चाळिशीतल्या माणसाची तपासणी हा बराचसा बालपणाचा शोध असतो. रक्ताची चाचणी किंवा एमआरआय काढून हे निदान होत नाही. तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वीची खरी तयारी घरीच करायची असते.

आईला ‘माझ्यात लक्षणे होती का?’ असे विचारू नका. ती ‘काही नव्हते हो’ म्हणेल. नेमके प्रसंग विचारा. बोलायला कधी लागलो? चांदोबा दाखवला की तिकडे पाहायचो का? स्वतः बोट करून कुणाला काही दाखवायचो का? भातुकलीत कुणाला खोटे खोटे जेवायला वाढायचो, की नुसती भांडी ओळीने मांडायचो? शाळेचा रस्ता बदलला तर काय व्हायचे? मिक्सर, फटाके, गणवेशाच्या कॉलरीतले लेबल सहन व्हायचे का? आई-वडील नसतील तर मोठी बहीण, मावशी, प्रगतिपुस्तकांवरचे शेरे कामी येतात. ‘आमच्याकडे सगळेच असे’ हे उत्तर आले तर तेही लिहून घ्या. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्यांचे काय? २००१ मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये तयार केलेल्या ‘एक्यू’मध्ये ५० विधाने आहेत. ३२ किंवा त्याहून अधिक गुण तपासणीची दिशा दाखवतात, निदान करत नाहीत. लोकांत जाण्याची तीव्र भीती, मंत्रचळ, नैराश्य किंवा लहानपणीचा आघात यांमुळेही माणूस लोकांपासून दूर राहतो. हा फरक करणे हेच तज्ज्ञाचे मुख्य काम. शिवाय एकाच वेळी दोन गोष्टी असू शकतात: एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता) आणि ऑटिझम ही निदाने एकत्र देण्याची मुभा त्या अमेरिकी पुस्तिकेने २०१३ मध्येच दिली.

जायचे कुणाकडे? मानसोपचारतज्ज्ञाकडे, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. ऑटिझमची पाटी लावलेली अनेक केंद्रे फक्त मुलांसाठी असतात. म्हणून ‘मोठ्यांची तपासणी करता का?’ हे आधी फोनवरच विचारा. एका भेटीत हे क्वचितच आटोपते.

निदान आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात आणि एकूण ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. वर्षानुवर्षे स्वतःला झाकायला शिकलेला माणूस अशा श्रेणीवर कमी गुण मिळवू शकतो. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून निदान खोटे ठरत नाही. आणि निदान मिळाले म्हणून ते ऑफिसात सांगण्याची सक्तीही नाही.

ऑटिझम ‘बरा’ करणारे औषध नाही. मग तपासणीचा उपयोग काय? सोबतची चिंता, झोपेची तक्रार, नैराश्य यांवर उपचार होतात, आणि तेही नेमके होतात. गोंगाटाच्या जागेतून टेबल हलवून घेणे, सूचना तोंडी न घेता लेखी मागणे, कार्यक्रमातून तासाभराने निघणे यांत कमीपणा वाटेनासा होतो. तपासणीतून ‘ऑटिझम नाही’ असे उत्तर आले, तरी त्रासाचे खरे कारण सापडण्याची शक्यता वाढते.

पुढच्या भागात: निदानानंतर जोडीदाराने काय समजून घ्यावे, आणि कशाचा अट्टाहास सोडावा.