एकजुटीचा मसुदा: रिपब्लिकन पक्ष, चांदा आणि जमिनीचे कलम

काँग्रेसला तोड देणारा, विखुरलेल्या विरोधकांना एका ध्येयधोरणाखाली आणणारा नवा पक्ष काढण्याची योजना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ मध्ये आखली. पक्षाचे नाव ठरले, तत्त्वे लिहून झाली, कोणाकोणाला बरोबर घ्यायचे याची पत्रापत्रीही सुरू झाली. पण ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा पक्ष कागदावरच होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात भारतीय रिपब्लिकन पक्षाची रीतसर स्थापना झाली. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष झाले आणि चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे सरचिटणीस.

अशा पक्षाची गरज का वाटली, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आकड्यांत दिसते. १९५१-५२ मध्ये काँग्रेसला देशभर सुमारे ४५ टक्के मते मिळाली आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते पडली, पण जागा मिळाल्या अवघ्या १२. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, बाकीच्यांची मते वाया, या पद्धतीत फुटलेल्या विरोधकांची अशीच गत होते. खुद्द आंबेडकर उत्तर मुंबईत पडले. १९५४ मध्ये ते वैनगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तो दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले, तर राखीव जागेवर आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. काँग्रेस नको असलेला मतदार आपोआप दुसऱ्या जातीच्या उमेदवारालाही मत देईल, हा समज भंडाऱ्याच्या मतपेट्यांनी खोटा ठरवला.

सर्वाधिक मतांचा विजयी ही पद्धत मुळात अमेरिकेतही आहे, म्हणून तिथेही तिसऱ्या पक्षाचे फारसे निभत नाही. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात एकही मत हाती लागले नाही. अपवाद एकच मोठा. १८५४ मध्ये निघालेल्या रिपब्लिकन पक्षाने सहा वर्षांत अब्राहम लिंकन यांना अध्यक्षपदी बसवले, तेही ४० टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर, कारण त्या वेळी फूट विरोधकांत पडली होती. त्या पक्षाचा १८६० चा जाहीरनामा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही हे मुख्य कलम. त्याला जोडून शेतकऱ्याला सरकारी जमीन, कारखानदाराला आयातशुल्काचे संरक्षण आणि पश्चिमेला पॅसिफिकपर्यंत रेल्वे. नीतीच्या प्रश्नाला पोटाचे प्रश्न बांधलेले होते. जमिनीचे वचन १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पुरेही झाले.

याच्या उलट गत १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाची झाली. स्त्रियांना मताधिकार, कामाचे आठ तास, आजारपण आणि म्हातारपणाचा विमा असा भरगच्च कार्यक्रम, २७ टक्के मते, आणि काही वर्षांत पक्ष नाहीसा. त्याची कलमे मात्र दुसऱ्या पक्षांनी उचलून कायद्यात आणली. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोचले ते यानंतरच्याच वर्षी, १९१३ मध्ये.

भारतीय रिपब्लिकन पक्ष हा आंबेडकरांचा तिसरा प्रयोग. पहिला स्वतंत्र मजूर पक्ष, ऑगस्ट १९३६ चा. त्याच वर्षी, पाच महिने आधी, चांदा जिल्ह्यातल्या सावलीत अगदी वेगळ्या वळणाची सभा भरली होती. सावलीला चरखा संघाचे खादीचे केंद्र होते आणि तिथे फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या पहिल्या आठवड्यात गांधी सेवा संघाचे संमेलन झाले. गांधीवाद म्हणून काही नाही, मागे कुठलाही पंथ ठेवायचा नाही, हे महात्मा गांधींचे प्रसिद्ध विधान याच सावलीतले. संघाचा भर विधायक कामावर होता. सत्तेसाठी मते मागणारा जाहीरनामा त्याला नको होता. राजकारण शिरले तेव्हा १९४० मध्ये बंगालातील मालिकांदा येथे गांधींनी संघ जवळजवळ गुंडाळायला लावला. भूमिहीन माणसाच्या दृष्टीने या दोन वाटांत मोठा फरक होता. सावलीच्या वाटेने सूत आणि स्वावलंबन मिळत होते. जमिनीचा मालक बदलायचा तर कायदेमंडळ लागते, हे आंबेडकरांचे उत्तर.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात भूतारण बँका, शेतमालाच्या सहकारी संस्था, गरज पडेल तिथे उद्योगांची सरकारी मालकी, कामाचे तास आणि पुरेसा पगार अशी ठोस कलमे होती. पक्षाच्या नावात जात नव्हती. कोकणातली खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळांनी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा काढला. त्यात कुणबी आणि महार एकत्र चालले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप झाला. सर्वांना सामावणारा कार्यक्रम प्रत्यक्षात कसा दिसतो, हे त्या दोन वर्षांत दिसले.

मग १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स आले. सत्तांतराच्या वाटाघाटींत सरकार ओळखत होते ते समाजांचे प्रतिनिधी, वर्गांचे नव्हे. मजूर पक्ष मागे पडला आणि त्याच वर्षी जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. हक्कांसाठी ते आवश्यक होते, पण नावातच कुंपण होते. फेडरेशनचा १९५१ चा जाहीरनामा बराच सविस्तर आहे: शेतीचे यांत्रिकीकरण, विम्याचे राष्ट्रीयीकरण, आणि महसुलासाठी दारूबंदी उठवणे व मिठावरचा कर पुन्हा बसवणे. शेवटच्या दोन कलमांना धाडस म्हणावे की व्यवहारशून्यता, यावर वाद होऊ शकतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरात ती २०१५ मध्ये बायांच्या आंदोलनामुळे आली व २०२१ मध्ये उठली. जुन्या चांद्याच्या या टापूत तरी दारूबंदी उठवण्याचे कलम कोणाला एकत्र आणणारे नव्हते.

१९५६ च्या मसुद्यात कुंपण काढले होते. समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्याशी त्या वर्षी पत्रव्यवहार झाला. आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे तर आंबेडकरांच्या शेवटच्या दिवसांतली. संसदीय लोकशाहीला समर्थ विरोधी पक्ष लागतो, हे त्यांनी २२ डिसेंबर १९५२ च्या पुण्यातल्या भाषणात विस्ताराने मांडले होते आणि नियोजित पक्षाविषयीचे त्यांचे खुले पत्र त्याच विचारावर उभे आहे. पक्षाचा पाया संविधानाच्या उद्देशिकेतला: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. त्यावर सात तत्त्वे. सर्व भारतीय समान. माणूस हे साध्य आणि राज्य हे साधन. इतरांच्या स्वातंत्र्याला धक्का न लावता प्रत्येकाला स्वातंत्र्य. सर्वांना समान संधी, पण ज्यांना आजवर मिळालीच नाही त्यांना आधी. प्रत्येकाला अभाव आणि भय यांतून मुक्त करणे हे राज्याचे कर्तव्य. माणसाने माणसाचे, वर्गाने वर्गाचे, राष्ट्राने राष्ट्राचे शोषण करू नये. आणि शेवटी, संसदीय पद्धत हीच सर्वांत चांगली राज्यपद्धती.

या सातांवर सही करायला कोणत्याही सभ्य माणसाची हरकत नसावी, आणि अडचण नेमकी तीच. धानाच्या बांधीत राबणाऱ्या मजुराला त्यात आपला बांध सापडत नाही. खोतीच्या विधेयकाला कोकणातल्या कुळाच्या घरात जो अर्थ होता तसा अर्थ सात तत्त्वांना यायचा, तर त्यांच्याखाली कलमे लिहायला हवी होती. ते काम अनुयायांवर पडले. शिवाय काही प्रश्न मसुद्याने मोकळेच ठेवले. १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत आंबेडकरांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती आणि विदर्भ त्यांतले एक. १९५७ च्या निवडणुकीत मात्र फेडरेशन सर्व मराठी मुलखाचे एकच राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. नाशिकला ही युती फळली आणि आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. वैनगंगेकाठी तिचा अर्थ लावणे सोपे नव्हते.

चांद्याचे स्थान इथे महत्त्वाचे ठरते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्यात दुसरा दीक्षा सोहळा झाला. त्याच्या आयोजनात पुढे होते राजाभाऊ खोब्रागडे. चांद्यातच १९२५ साली जन्मलेले खोब्रागडे पुढे तीनदा राज्यसभेवर गेले आणि १९६९ ते १९७२ या काळात तिथले उपसभापती होते. पूर्व विदर्भात पक्षाला खेडोपाडी कार्यकर्ता मिळाला तो या दीक्षेच्या लाटेतून. पण तीच लाट पक्षाची मर्यादाही झाली. धम्म आणि पक्ष एकाच वस्तीतून, एकाच माणसांतून उभे राहिले. शेजारच्या टोलीतला कुणबी, तेली, ढिवर किंवा गोंड पक्षाच्या निळ्या झेंड्याकडे बौद्धांचा झेंडा म्हणूनच पाहत राहिला.

फूट दोन वर्षांतच पडली. बी. सी. कांबळे यांचा गट दादासाहेब गायकवाडांपासून वेगळा झाला. एका बाजूचे म्हणणे, संविधानाच्या चौकटीत राहून शिक्षित नेतृत्वाने पक्ष चालवावा. दुसरी बाजू डाव्यांना बरोबर घेऊन रस्त्यावर उतरायला तयार. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशी गटांची नावे पडली, आणि फुटीच्या पुढच्या सगळ्या इतिहासात त्यांच्याइतके बोलके नाव कुठल्या गटाला मिळाले नाही.

तरीही मसुद्याला जमीन लागली ती गायकवाडांच्या वाटेने. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद देण्यात आली. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे वाटप आणि भावांवर नियंत्रण, झोपडपट्ट्यांची सुधारणा, किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी, दलितांवरचे अत्याचार थांबवणे, अस्पृश्यताविरोधी कायद्याखाली न्याय, नोकऱ्यांतील राखीव जागा भरणे, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आंबेडकरांचे तैलचित्र. ६ डिसेंबरला सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले, असे पक्षाचे म्हणणे. दहांपैकी निम्म्या मागण्या कोणत्याही जातीच्या गरिबाच्या होत्या. १८६० च्या अमेरिकन जाहीरनाम्यासारखी नीती आणि पोट यांची गाठ रिपब्लिकनांनी मारली ती इथे, संस्थापकाच्या मसुद्यानंतर आठ वर्षांनी.

ती टिकली नाही. १९६७ नंतर गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी स्थानिक निवडणुकांत समझोता केला, त्यावरून खोब्रागडे वेगळे झाले, आणि पुढे गटाचे नाव कंसात लिहिण्याची पद्धतच पडली. १९७२ मध्ये निघालेल्या दलित पँथरने या नेत्यांवर कडक टीका करत ‘दलित’ या नावाखाली भूमिहीन, मजूर, आदिवासी आणि स्त्रिया यांनाही घेतले. तीही लवकरच फुटली. महाराष्ट्राबाहेर, उत्तर प्रदेशात, १९६२ साली पक्षाचे बी. पी. मौर्य यांनी जाटव आणि मुसलमान यांची जोड घालून अलीगढ जिंकले होते. पक्षाची हत्तीची निशाणी पुढे कांशीराम यांच्या बहुजन समाज पक्षाकडे गेली.

एकजुटीचे फळ महाराष्ट्रात एकदाच ठळक दिसले. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि चार रिपब्लिकन खासदार निवडून आले, चारही खुल्या मतदारसंघांतून: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चिमूर हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला मतदारसंघ. लोकसभा तेरा महिन्यांत बरखास्त झाली आणि एकीही. २००९ पासून हा भाग गडचिरोली-चिमूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात आहे.

१९६४ च्या सनदेतली कलमे मात्र, अमेरिकेतल्या १९१२ सारखीच, दुसऱ्यांच्या हातून मार्गी लागली. संसदेतले तैलचित्र आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती या दोन्ही गोष्टी १९९० मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने केल्या. जमिनीचे कलम मागे राहिले. सावली, सिंदेवाही, मूल, आरमोरी या भागात वनजमिनीवरच्या अतिक्रमित शेतीला ‘जबरानजोत’ म्हणतात आणि तिच्या पट्ट्यांसाठी मोर्चे अजून निघतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट मान्य केली, पण आदिवासी नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवासही सिद्ध करावा लागतो. गोंड समाजाच्या इतिहासाचा विचार करता हा भेद समजण्यासारखा आहे. पण एकाच गावाच्या एकाच जंगलाला लागून शेत असलेले गोंड, बौद्ध आणि ढिवर कुटुंबे यामुळे दोन वेगळ्या रांगांत उभी राहतात, आणि या रांगा एक करणारे कलम अजून कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नीट लिहिले गेलेले नाही.