चित्रा : ठिपका एक, तारे दोन

उकाड्यामुळे गच्चीवर, अंगणात अंथरूण टाकायचे दिवस आले की आमच्या घरी तारे ओळखण्याचा खेळ सुरू होतो. एप्रिलच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास पतंगासारखे सप्तर्षी शोधावेत. त्यांच्या शेपटीच्या वळणाने नजर पुढे नेली की नारिंगी स्वाती लागते. तेच वळण आणखी पुढे नेले की आग्नेयेला निळसर पांढरी चित्रा. चैत्राचे नाव हिच्यावरूनच पडले. चैत्री पौर्णिमेचा चंद्र हिच्या आसपास असतो.

निळी म्हणजे थंड ना, असे मुलांनी विचारले. उलट आहे! लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, जास्त तापले की पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सियस, तर चित्रेचा २० हजारांच्याही वर.

खरी गंमत पुढेच आहे. १८९० साली जर्मनीतील पोट्सडाम येथे हेरमान फोगेल या शास्त्रज्ञाने चित्रेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातल्या काळ्या रेषा कधी जांभळ्या टोकाकडे सरकत, कधी तांबड्या टोकाकडे, आणि चार दिवसांनी पुन्हा पहिल्या जागी येत. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो. तो कुणाभोवती तरी फिरतो आहे. साध्या दुर्बिणीतून ठिपका एकच दिसतो, पण तिथे दोन तारे आहेत. दोघांत अंतर जेमतेम दोन कोटी किलोमीटर, सूर्य आणि बुध यांच्यातील अंतराच्या निम्म्याहूनही कमी. एकमेकांच्या ओढीने दोघेही अंड्यासारखे लांबट झाले आहेत.

आपल्यातही काही घरांत स्थळ पाहताना मुलीचे नक्षत्र विचारतात. चित्रा म्हटले की आम्ही विचारतो, दोघांपैकी कोणती? शिवाय ती सुमारे अडीचशे प्रकाशवर्षे दूर. आज डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा पुण्यात पेशवाई होती. त्याने आजच्या मुलीचे लग्न कसे अडावे?

मे-जूनपर्यंत चित्रा संध्याकाळीच दक्षिणेला उंच दिसते. नंतर ती पश्चिमेकडे कलत जाते. ऑक्टोबरात शेतकरी ‘चित्रा लागली’ म्हणतात, तेव्हा मात्र ती शोधू नये. त्या दिवसांत सूर्यच तिच्याजवळ असतो, म्हणून ती उजेडात बुडालेली असते.