घरची गाडी : उंची, लांबी आणि ऐपत

मंडळी, बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी काय काय पाहतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. तो दात पाहतो, खूर पाहतो, वशिंड चाचपतो आणि चार पावले चालवून बघतो. शिंगांचा रंग आणि अंगावरची झूल पाहून कोणी पैसे मोजीत नाही. पण तोच शेतकरी, किंवा त्याच्या मुलांना शिकविणारे गुरुजी, मोटार घ्यायला शोरूममध्ये गेले म्हणजे मात्र गंमत होते. तेथे झूलच आधी दिसते! मोठा पडदा, टपावरची काच, चमकणारे दिवे. खूर पाहायचे राहूनच जातात.

हल्ली गावोगाव ज्या गाड्या दिसतात, त्या उंच बांध्याच्या, पण आखूड. त्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. जाणकार त्यांनाच क्रॉसओव्हर म्हणतात. कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी अशी गाडी घ्यावी की नाही, आणि घ्यायची तर काय पाहून घ्यावी, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम ही गाडी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे १९४९ साली मुंबईत महिंद्र कंपनीने जीप जुळवायला सुरुवात केली. ती जीप म्हणजे खाली पोलादी सांगाडा आणि वर ठेवलेली पेटी. बैलगाडीची साटी जशी दांड्यांवर बसवतात, तसाच प्रकार. क्रॉसओव्हर तशी नसते. तिचा सांगाडा आणि पेटी एकच असते, साध्या लहान मोटारीसारखी. फक्त अंग उंच आणि चाके मोठी. म्हणजे रूप जीपचे, पण हाडपेर मोटारीचे. त्यामुळे ती चालवायला हलकी, बसायला मऊ आणि इंधनाला बेताची असते. परंतु जीपचे काम तिच्याकडून होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

हे एवढे ठासून सांगण्याचे कारण आहे. या वर्गातील बहुतेक गाड्यांची फक्त पुढची दोन चाके इंजिनच्या जोराने फिरतात. चिखलाच्या चढावर, मागे माणसे आणि डिकीत सामान असले की वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि जागीच गरगर फिरू लागतात. गाडी उंच आहे म्हणून ती शेतातून जाईलच, असे नव्हे. आणि एक गोष्ट तर जिवावरची आहे. पुलावरून पाणी वाहत असताना उंच गाडीचा भरवसा धरू नका. जेमतेम दोन फूट खोल वाहते पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेऊ शकते. पाणी उतरेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही.

मग उंचीचा उपयोग काय? उपयोग आहे. गावाच्या तोंडाशी असलेला गतिरोधक, पावसाळ्यात पडलेले खड्डे, वाडीपर्यंतचा खडीचा रस्ता, येथे गाडीचे पोट घासत नाही. जमीन आणि पोट यांमधले अंतर या गाड्यांत साधारण १९० ते २१० मिलिमीटर असते. कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, एवढे मात्र विचारा; पाच माणसे बसली की ते अंतर बरेच कमी होते.

पण उंचीला किंमतही मोजावी लागते. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका पुस्तकावर एक काडेपेटी आडवी आणि एक उभी ठेवा, आणि पुस्तक हळूहळू कलते करा. उभी पेटी आधी लवंडते. उंच गाडीचे तसेच आहे. तिचा गुरुत्वमध्य वर असतो. आंबा घाटातल्या वळणावर ती लहान बुटक्या गाडीइतकी निर्धास्त राहत नाही. म्हणून वळणावर गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, तुम्ही घेत असलेल्या प्रकारात आहे का, हे विचारून घ्या. टपावरच्या काचेपेक्षा ती लाख मोलाची.

आता लांबी. या गाड्या चार मीटरच्या आत का असतात, याचे उत्तर रस्त्यात नाही, करात आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क कमी केले गेले, आणि लहान मोटार कोणती हे ठरविताना चार मीटर लांबीची मर्यादा घातली गेली. तेव्हापासून कारखानदार गाडी कापून त्या मापात बसवू लागले. टाटांची नेक्सॉन घ्या. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या बोटभरही नाही इतकी आत! २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर असा आहे : लांबी चार मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सी.सी.पर्यंत, तर १८ टक्के. त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. विजेच्या गाडीला ५ टक्के. ध्यानात ठेवा, लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

लांबी आखूड म्हणजे गल्लीत वळवायला सोपी, हे खरे. पण कापलेली जागा कुठून तरी जाणारच. ती मागच्या बाकावरून आणि डिकीतून जाते. म्हणून गाडी पाहायला एकटे जाऊ नका. घरातली सगळी माणसे घेऊन जा, आणि विशेषतः आजीला न्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार खाली वाकावे लागू नये, आणि फार वर चढावेही लागू नये. बसायची जागा साधारण खुर्चीच्या उंचीला असली म्हणजे बरे. आजींना मागच्या दारातून तीनदा चढू-उतरू द्या. मागे तिघांना बसवा, आणि मधल्याला तिथे निदान पाव तास बसवून ठेवा. लग्नाला जाताना त्याची काय अवस्था होणार, ते तिथेच कळेल.

आणखी एक परीक्षा करा. गाडीसमोर एक स्टूल ठेवा, आपण चालकाच्या जागी बसा, आणि स्टूल कधी दिसेनासे होते ते पाहा. उंच बॉनेटच्या पुढे बरीच जमीन दिसतच नाही. मागे तर त्याहून जास्त. अंगणात खेळणारे मूल त्या स्टुलाएवढेच असते, बरं का! मागचा कॅमेरा आणि सेन्सर यांची मदत घ्यावी. परंतु गाडी काढण्यापूर्वी एक फेरी मारून पाहण्याची सवय त्याहून चांगली.

सुरक्षिततेचा विचार येथे ओघानेच आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली आहे. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर एका बाजूने आदळवितात, आतल्या पुतळ्यांना किती मार बसला हे मोजतात, आणि तारे देतात. मोठ्यांसाठी वेगळे तारे, मुलांसाठी वेगळे. नेक्सॉनला २०१८ साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, तेव्हा असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय गाडी ठरली. आणि ती तयार होते पुण्याजवळ रांजणगावला. आज या वर्गात पाच तारे मिळविणाऱ्या इतरही गाड्या आहेत. तेव्हा विक्रेत्याला विचारा : तारे किती, कोणत्या साली, आणि मुलांच्या बाबतीत किती?

पण तारे गाडीला मिळतात, पट्टा आपल्याला बांधायचा असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. गाडी महागडी होती, उत्तम होती. मागच्या बाकावर बसलेल्या दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, आणि ते दोघेही गेले. मागचा पट्टा हा शोभेचा नाही. लहान मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसणे तर सोडूनच द्या. एअरबॅग ज्या जोराने फुगते, तो जोर मुलाला सोसत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा मुलांचे आसन नसेल, तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी नव्हे, मुलासाठी बांधा.

आता इंधन. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एक हिशेब करू. आकडे तुमच्या गावचे घाला. समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी १५ किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९२ रुपये आणि गाडी २० किलोमीटर जाते. म्हणजे ४ रुपये ६० पैसे. बचत झाली २ रुपये ४० पैशांची. पण डिझेलची गाडी दीड लाखाने महाग असेल, तर ते दीड लाख फिटायला ६२,५०० किलोमीटर धावावे लागेल. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याला साडेसहा वर्षे लागतील! शिवाय नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर वेगाने न्यावी लागते. घर ते शाळा चार किलोमीटर, एवढेच जायचे असेल तर ती गाळणी तुंबते.

सीएनजी स्वस्त पडतो. पण पंप किती लांब आहे, रांग किती असते, आणि टाकी बसविल्यावर डिकी किती उरते, ते पाहा. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विजेची गाडी रोजच्या ठरावीक फेरीला चांगली; मात्र घरी स्वतंत्र जोडणी आणि भरवशाची वीज हवी. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे आपल्या उसापासूनही होते. त्याने ॲव्हरेज थोडे उतरते. जुनी गाडी घेत असाल, तर ती अशा पेट्रोलला चालते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहून घ्या. जुन्या गाडीचे टायरही तपासा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर चकचकीत दिसला, तरी त्याचे वय लपत नाही.

शेवटी पैसा. जाहिरातीतली किंमत म्हणजे सगळी किंमत नव्हे. तिच्यावर पासिंगचा कर, विमा, आणि शोरूमवाल्याने भरीला घातलेल्या वस्तू येतात. तेव्हा ‘रस्त्यावर येईपर्यंत एकूण किती?’ हे लिहून मागा. आणि हप्ता लहान म्हणून भुलू नका. आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,९०० रुपये. पाच वर्षांसाठी घेतले, तर सुमारे १६,६००. पहिला हप्ता गोड वाटतो. पण व्याज सात वर्षांत सुमारे २ लाख ८१ हजार जाते आणि पाच वर्षांत सुमारे १ लाख ९६ हजार. फरक पंच्याऐंशी हजारांचा! वरच्या वर्गांतील मुलांना हे गणित अवश्य घाला. उद्या हीच मुले घरात बापाला सल्ला देणार आहेत.

तर मंडळी, घरची गाडी कशी निवडावी? वर्षातून दोनदा कोकणात जायचे म्हणून नव्हे, तर तीनशे दिवस कुठे जायचे आहे ते पाहून. चौघांचे घर असेल, रस्ता डांबरी असेल आणि हात आखडता असेल, तर साधी लहान मोटार पुष्कळ झाली. तिच्यात कमीपणा मुळीच नाही. रस्ता वाईट, घरात म्हातारी माणसे आणि बेताची ऐपत असेल, तर ही उंच आखूड गाडी खरोखर सोयीची. ती घेताना घरची सगळी माणसे बसवून जवळच्या चढावर एकदा चालवून पाहा. बैल आपण रिकामा पाहत नाही. गाडीला जुंपूनच पाहतो.