व्हॅनमध्ये किती पोरं बसतात?

15 जूनला शाळा उघडतील, विदर्भात थोड्या उशिरानं. वह्या, गणवेश, दप्तर यांची तयारी चालू असेल. आज बोलायचंय ते पोरं ज्या गाडीतून तालुक्याच्या शाळेत जातात त्या गाडीबद्दल.

व्हॅन दारात येते, आपण दप्तर चढवतो, हात हलवतो आणि तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत पळतो. आत किती पोरं आहेत, कधी मोजलंय? ड्रायव्हरच्या सीटमागं फळी टाकलेली, तिच्यावर चार. पुढं ड्रायव्हरशेजारी दोन, त्यातलं धाकटं थोरल्याच्या मांडीवर. काही गाड्यांत मागं गॅसची टाकी आणि तिच्यावरच लेकरं.

मांडीवर घेतलं म्हणजे सांभाळलं, असं आपल्याला वाटतं. पण गाडी ताशी 40 किलोमीटरनं चाललीय आणि समोरच्या ट्रॅक्टरवर आदळून क्षणात थांबली, तर 15 किलोचं पोर दोन-तीन क्विंटलच्या जोरानं पुढं फेकलं जातं. तेवढं ओझं कुणाचे हात धरतील? हा मार वीस फुटांवरून खाली पडण्याएवढा असतो. म्हणून लहान पोर मागच्या सीटवर, स्वतःच्या जागेवर हवं, पट्टा असेल तर लावून. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा लहान मुलांच्या खास सीटशिवाय नेलं, तर 2019 च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणं गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये दंड आहे. फळीला कुठला आलाय पट्टा!

दुसरा धोका उतरताना. गाडीला अगदी चिकटून पुढं किंवा मागं उभं असलेलं लहान पोर ड्रायव्हरला दिसत नाही. त्यामुळं शाळेच्या फाटकाशी गाडी मागं घेणं बंद करायला सांगा. पोरं डाव्या बाजूनंच उतरावीत, आणि रस्ता ओलांडायचा तो गाडी निघून गेल्यावर. आपणही एक करतो. संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडं उभं राहून "ये गं बाळा" अशी हाक मारतो. आई दिसली की पोर इकडंतिकडं न बघता धावतं. त्यापेक्षा गाडी थांबते त्याच बाजूला जाऊन उभ्या राहा.

आता अवघड गोष्ट, पैशाची. समजा 14 पोरं महिना 500 रुपये देतात, म्हणजे गाडीवाल्याला 7000. नऊच बसवा म्हटलं, तर तेवढ्याच पैशासाठी प्रत्येकीला 778 रुपये पडतात. मजुरीवर जाणाऱ्या बाईला हे जड आहे. गाडीवाल्यालाही घर आहे, दोन खेपा करायच्या तर इंधन लागतं. पण एक वाट आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. गावात शाळेच्या वेळेला एसटी येत असेल तर मोठ्या मुली तिनं जातील, व्हॅनमधली जागा धाकट्यांना मोकळी होईल. मग भाडं थोडंच वाढवून भागतंय का, ते बसून ठरवता येतं.

बोलायला मात्र एकटीनं जाऊ नका. एकटी गेली की "ताई, दुसरी गाडी बघा" असं ऐकावं लागतं. दहाजणी गेल्या की तोच भाऊ चहा मागवतो. आरसी बुक बघायला मागा. सीट किती लिहिल्यात, गॅस किटची नोंद आहे का, ते त्यात कळतं. नंबरप्लेट पांढरी आहे की पिवळी, तेही बघा. पांढरी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्यानं चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळायला अडचण येते.

ऐकलंच नाही, तर मुख्याध्यापकांकडं जा. 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणं शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधी तिच्यात असतो. तो कोण आहे, विचारा. हे सगळं याच महिन्याच्या गटाच्या बैठकीत घ्या. एकदा गाडी भरली आणि पहिल्या महिन्याचं भाडं हातात पडलं, की मग एकही पोर कमी करायला कुणी तयार होत नाही.