भरलेलं कार्ड किती वेळात परत येतं?

सोनीच्या एफएक्स ३ वर ४के, ५० फ्रेम आणि ऑल-इंट्रा लावलं की सेकंदाला ५०० मेगाबिट लिहिले जातात. आठाने भागा: साडेबासष्ट मेगाबाइट. म्हणजे १६० जीबीचं कार्ड पाऊण ताससुद्धा पुरत नाही. कॅमेरामन भरलेलं कार्ड हातावर ठेवतो तेव्हा कॅमेऱ्यात दुसरं चढलेलं असतं, पण तेही पाऊण तासाच्या आत भरणार. तेवढ्यात पहिलं दोन डिस्कवर उतरून, तपासून, परत त्याच्याकडे गेलं पाहिजे. हे काम करणाऱ्याला मोठ्या सेटवर ‘डीआयटी’ म्हणतात. आमच्यासारख्या लग्नं आणि माहितीपट करणाऱ्या युनिटात नुसतं ‘डेटावाला’. त्याच्या टेबलावरची सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कार्ड रीडर, आणि अख्ख्या शूटचं वेळापत्रक अडतं तेही तिथेच.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रीडर मागितला की दुकानदार चार-पाच समोर टाकतो आणि प्रत्येकाबद्दल म्हणतो, “यूएसबी थ्री आहे साहेब, एकदम फास्ट.” खोटं बोलत नाही तो. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच मालाची तीन लेबलं आहेत: सेकंदाला ५ गिगाबिट, प्रत्यक्षात साडेचारशे मेगाबाइटच्या आसपास. पण अडचण लॅपटॉपकडच्या टोकाला नसतेच, ती कार्डाकडच्या टोकाला असते. एसडी कार्ड उलटं करून बघा. पट्ट्यांची एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१, कमाल वेग १०४ मेगाबाइट. तिच्याखाली आखूड पट्ट्यांची दुसरी ओळ असेल तर यूएचएस-२, कमाल ३१२. त्या दुसऱ्या ओळीला टेकणाऱ्या पिना रीडरच्या खाचेतही लागतात, आणि स्वस्त रीडरमध्ये त्या बहुधा नसतात. मग महागडं व्ही ९० कार्डसुद्धा निमूटपणे यूएचएस-१ च्या चालीने चालतं. एरर येत नाही, काही अडत नाही. १२८ जीबीचं आठ-नऊ मिनिटांचं काम चोवीस मिनिटांवर जातं, इतकंच. खोक्यावर ‘यूएचएस-२’ स्पष्ट छापलेलं नसेल तर रीडर यूएचएस-१ आहे असं मी धरून चालतो.

सीएफएक्सप्रेस कार्डांची भानगड निराळी. टाइप ए एसडीपेक्षाही लहान, टाइप बी चांगलंच मोठं; एकाचा रीडर दुसऱ्याला चालत नाही. जुनी एक्सक्यूडी कार्डं टाइप बीच्या खाचेत अगदी बरोबर बसतात, पण बसली म्हणजे वाचली जातीलच असं नाही. रीडर सीएफएक्सप्रेसचा असून एक्सक्यूडीला दाद देत नाही, असे पुष्कळ आहेत. २० गिगाबिटचे रीडरही मिळतात; त्यांना तसाच पोर्ट लागतो, आणि मॅकबुकला लावले की ते गुपचूप १० वर उतरतात. जादाचे पैसे त्या पोर्टात अडकून पडतात.

आणि समजा, सगळं जुळलं. रीडरमधून सेकंदाला आठशे मेगाबाइट येताहेत, १६० जीबी साडेतीन मिनिटांत निघेल. पण ते उतरतंय कशावर? अजूनही कितीतरी स्टुडिओंत खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्कच असते, आणि ती सेकंदाला सव्वाशे-दीडशेच्या पुढे जात नाही. धरण भरून वाहतंय आणि चारी आहे वीतभर रुंद. अशा ठिकाणी महाग रीडर घेणाऱ्याला मी सरळ सांगतो, आधी एसएसडी घे. दोन खाचांच्या रीडरमध्ये दोन्ही कार्डं एकदम लावून अशा डिस्कवर उतरवायला गेलात, तर डिस्कचं हेड दोन जागांमध्ये धावाधाव करत बसतं आणि एकामागून एक उतरवण्यापेक्षाही जास्त वेळ लागतो.

खरी परीक्षा दुकानात होत नाही, जेजुरीत होते. सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा भंडारा नुसता अंगावर पडत नाही, हवेत तरंगत राहतो. आमचा सहायक गर्दीतून धावत खोलीवर येतो, कार्ड पुढे करतो, “दादा, हे घ्या, सतरा नंबर,” आणि त्याच्या बोटांची पिवळी पावडर कार्डाच्या पट्ट्यांना लागलेली असते. तशीच आत गेली की ती खाचेत मुक्काम करते आणि पुढच्या प्रत्येक कार्डाला चिकटते. त्यामुळे टेबलावर ब्लोअर आणि कोरडं फडकं आधी, रीडर नंतर. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. ज्या रीडरच्या तोंडाला झाकण आहे तो माझ्या लेखी शंभर मेगाबाइटनी सरस.

खोलीत पंखा असला तर नशीब. सीएफएक्सप्रेसचा रीडर दहा मिनिटांत हाताला चटका देण्याइतका तापतो आणि तापला की स्वतःहून वेग कमी करतो. म्हणून धातूच्या अंगाचा घ्यावा आणि चादरीवर, उशीवर ठेवू नये. नवा रीडर तपासताना पाच जीबीची फाइल टाकून बघण्यात अर्थ नसतो. सुरुवातीचा डेटा कॉम्प्युटरच्या मेमरीतच जातो आणि स्क्रीनवर भलते आकडे दिसतात. कार्ड काठोकाठ भरायचं, पूर्ण उतरवायचं आणि शेवटच्या वीस जीबीला वेग किती उरलाय ते बघायचं. केबलही सोबत आलेलीच वापरायची. चार्जिंगच्या बऱ्याच टाइप-सी केबलींतून डेटा यूएसबी २ च्याच चालीने जातो, सेकंदाला चाळीसेक मेगाबाइट. तेच १६० जीबी मग तासाहून जास्त खातात. कॉपी चालू असताना प्लग बोटाने जरासा हलवून बघा, पण शूटचं नव्हे, टाकाऊ फुटेज असलेलं कार्ड लावून. जोडणी तुटली तर रीडर कितीही वेगवान असो, परत करा.

कॉपी करताना नुसत्या क्लिपा ओढून घेणारे लोक मला अजून भेटतात. एफएक्स ३ च्या कार्डावर ‘प्रायव्हेट’ फोल्डरच्या आत ‘एम४रूट’ असतो, त्यात प्रत्येक क्लिपची एक्सएमएल फाइलही असते. कार्ड जसं आहे तसं सगळं उचलायचं. नंतर चेकसम पडताळणारं सॉफ्टवेअर मूळ आणि नक्कल ताडून बघतं; त्यात वेळ जातो, पण तो धरूनच हिशोब करायचा. दोन्ही डिस्कवर हिरवी खूण दिसली की कार्ड परत, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच.

तोवर कार्डावर कॉम्प्युटरने काही लिहू नये म्हणून एसडीच्या कडेची खटकी ‘लॉक’कडे सरकवतात. ही खटकी कार्डाच्या आत कशालाच जोडलेली नसते. ती कुठे आहे हे रीडर बघतो, आणि काही रीडर बघतच नाहीत. विकत घेतानाच लॉक केलेलं कार्ड लावून त्यावर नवा फोल्डर करून पाहा. झाला, तर तो रीडर ऑफिसात पेनड्राइव्हसारखा वापरायला ठीक, शूटच्या बॅगेत नको. सीएफएक्सप्रेसला तर खटकीच नसते. तिथे भरलेल्या कार्डाच्या डबीला लाल टेप, आणि हिरवी खूण दिसेपर्यंत ती टेप काढायची मुभा फक्त डेटावाल्याला.